कस्तुराची कॉफी आणि अर्थिंगचा खड्डा

आमच्याकडे नळाला आठव्या दिवशी पाणी येतं, कधी नवव्या, आणि मी रोज दुपारी एक बादली पाणी जमिनीत ओततो. सिडकोतल्या आमच्या गल्लीत ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. घराच्या मागे, न्हाणीच्या भिंतीलगत अर्थिंगचा खड्डा आहे. मीठ आणि कोळसा भरून मी स्वतः केलेला. त्यात पाइप, पाइपाच्या तोंडाला नरसाळं, आणि त्या नरसाळ्यात रोज एक बादली. घरातली वीज कुठं चुकून भलतीकडे आली तर तिला मातीत उतरायला वाट पाहिजे, आणि ती वाट ओली राहिली पाहिजे. कोरडी पडली की अर्थिंग नुसतं नावाला. चितेगावच्या एका कंपनीत मी एकतीस वर्षं इलेक्ट्रिशियन होतो, हेच सांगत आलो. माझी बायको म्हाळसाबाई म्हणते, एवढं पाणी झाडाला घातलं असतं तर आजवर पेरू खाल्ले असते. तिचं चूक नाही. मी पावसाळ्यातही घालतो. तेव्हा तर ती माझ्याकडे बघायचंही सोडून देते.

घरातली माणसं याला म्हातारपणाचा चाळा समजतात. मी समजू देतो.

कस्तुरा माझी सून. मुलगा मुंजाबा बेंगळुरूला नोकरीला होता. तीन वर्षं दोघं तिकडं राहिली आणि येताना कॉफीचं वेड घेऊन आली. दिवाळीपासून इथंच आहेत. मुंजाबा शेंद्र्याच्या कंपनीत पहिल्या पाळीला जातो, कस्तुरा घरूनच लॅपटॉपवर काम करते. घरात चहाचा भरलेला डबा असताना ही कुरियरनं बिया मागवते आणि रोज सकाळी एका लहानशा यंत्रात दळते. तेही सतरा ग्रॅम मोजून. मी एकदा विचारलं, अठरा झाले तर काय होतं. चव बिघडते म्हणाली. मी म्हटलं, मुळात कडू असलेल्या चिजेचं आणखी काय बिघडायचं राहिलं. ती हसली आणि तिनं एक बी काढून परत पिशवीत टाकली.

थंडी सरली, हवा कोरडी ठक्क पडली आणि ते यंत्र बिथरलं. पूड डबीत पडायच्या ऐवजी डबीला बाहेरून चिकटायला लागली. ओट्यावर पूड, फरशीवर पूड, म्हाळसाबाईच्या पिठाच्या डब्यावर पूड. बियांची पातळ फोलपटं उडून भिंतीला जाऊन बसायची आणि फुंकर मारली तरी हलायची नाहीत. फडक्यानं पुसावं तर फडक्याला चिकटायची, तिथून हाताला. म्हाळसाबाई पुसता पुसता स्वतःशीच बोलायची, पण अशा बेतानं की सगळ्या घराला ऐकू जावं.

चपलांबद्दल मात्र ती कधी बोलली नाही. कस्तुरा स्वयंपाकघरात रबरी चपला घालायची. मिक्सर असो, इस्त्री असो, विजेच्या वस्तूला हात लावायचा तर आधी चपला पायात. म्हाळसाबाईच्या स्वयंपाकघरात कुणाची चप्पल कधी आली नव्हती. पण कारण तिला ठाऊक आहे. कस्तुराचा बाप कडूबा विजेचा शॉक लागून गेला. माझ्याच कंपनीत, पंपावर.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी स्वयंपाकघरातून "आई गं" ऐकू आलं. मी पेपर टाकून धावलो. कस्तुरा बोट तोंडात धरून उभी होती. यंत्राखालची स्टीलची डबी ओढताना चटका बसला म्हणाली, बारीक ठिणगीही दिसली. वर हसत होती. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

आता सांगतो. तोवर बायकोला सांगितलेलं नव्हतं, मुलाला नव्हतं, जेजुरीच्या पायरीवर डोकं ठेवून देवालाही धड सांगितलेलं नव्हतं.

दोन हजार अकरा सालचा मे महिना. कंपनीत अर्थिंगचे चौदा खड्डे होते. रोज त्यांत पाणी घालायचं आणि रजिस्टरवर सही करायची, हे काम माझं. त्या आठवड्यात टँकर आला नाही. प्यायला पुरेना, तिथं खड्ड्याला कुठून आणणार. मी सोमवारीच अख्ख्या आठवड्याच्या रकान्यांत "पाणी घातले" लिहून सह्या ठोकून दिल्या. सगळेच तसं करत. टँकर आला की घालू म्हटलं. गुरुवारी पंपाची मोटार बिघडली आणि वीज तिच्या लोखंडावर आली. अर्थिंग जिवंत असतं तर ती वीज जमिनीत उतरली असती, फ्यूज उडाला असता, पंप बंद पडला असता, कडूबानं दोन शिव्या दिल्या असत्या आणि मला बोलावलं असतं. पण खड्ड्यातली माती वाळून भुसभुशीत झाली होती. फ्यूज उडाला नाही. कडूबानं मोटारीवर हात ठेवला.

चौकशी झाली. रजिस्टर काढलं. माझ्या सह्या जागच्या जागी होत्या. मग चूक कुणाची, तर कडूबाची. गळत्या पंपापाशी ओल्या फरशीवर अनवाणी उभा होता, पायात काही नव्हतं. त्याची बायको आवडाबाई फुलंब्रीची. तिला साहेबांनी हेच सांगितलं. मी शेजारी उभा होतो, मी मान हलवली. बारा वर्षांची कस्तुरा आईचा पदर धरून ऐकत होती.

दहा वर्षांनी मी तिला सून करून आणली. देण्याघेण्याचं नावही काढलं नाही. समाजात माझा गवगवा झाला. मेलेल्या दोस्ताची लेक पदरात घेतली म्हणून लग्नाकार्यात लोक अजून मला पुढं बसवतात. पोरांनी एकमेकांना पसंत केलं होतं हे खरं, सुखात आहेत हेही खरं. पण मी कशासाठी आणली ते मला माहीत आहे. आणि आणल्या दिवसापासून एकच धसका: बापाला माझ्या सहीनं मारलं, आता लेकीला माझं घर मारणार. म्हणून ती बादली.

तर चटका बसला त्या दिवसापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. टेस्ट लॅम्प काढला, स्वयंपाकघरातल्या सॉकेटच्या फेज आणि अर्थवर धरला, दिवा लख्ख पेटला. म्हणजे अर्थिंग ठणठणीत. तरी समाधान होईना. गुलमंडीवर जाऊन नवं सॉकेट आणलं, वायर आणली, भिंतीतली जुनी ओढून काढली. यंत्र खोलून टेबलावर पसरलं, मोटार तपासली, कुठंही काही नाही. परत जोडून दिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा चटका. मग एका बादलीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. सकाळी ती कॉफी दळायला लागली की मी स्वयंपाकघराच्या दारात, एक हात मेन स्विचवर. ती म्हणायची, मामा, बसा ना. मी म्हणायचो, बसलोच आहे. आणि उभाच राहायचो. जेवण जाईना. दुपारी जरा डोळा लागला की मिक्सरच्या आवाजानं दचकून उठायचो.

सोमवारी मी यंत्राची पिन कापून टाकली. पकडीनं, वायरसकट.

कस्तुरानं येऊन पाहिलं. नवीन यंत्र होतं, तिच्या पहिल्या बोनसमधून घेतलेलं. दोन दिवस ती गुपचूप चहा प्यायली, आणि मला तिचं ते न बोलणं चटक्यापेक्षा जास्त लागलं. तरी वाटायचं, राहू दे. रागावली तर रागावली, जिवंत आहे.

बुधवारी म्हाळसाबाईचा बांध फुटला. पाण्याचा सहावा दिवस, टाकीला तळ दिसत होता, धुणं तसंच पडलं होतं आणि मी तिसरी बादली घेऊन मागच्या दाराकडे निघालो होतो. तिनं बादलीची कडी धरली. आम्ही दोघं पासष्टीला टेकलेली माणसं बादली ओढत उभे राहिलो.

"थंडीत घोंगडीतून ठिणग्या उडायच्या," ती म्हणाली. "कडकड वाजायची. तुमची माय त्याच घोंगडीत तुम्हाला गुंडाळून निजवायची. तिथं कुठं होतं तुमचं अर्थिंग?"

ती बोलली ते बरोबर होतं. आम्ही मेंढरांमागे वाढलेली माणसं. घोंगडीतली वीज जन्मापासून पाहिलेली. कोरड्या हवेत दोन चिजा एकमेकींवर घासल्या की ती तयार होते, तिनं कुणी मरत नाही, बोटाला चिमटा बसतो इतकंच. बिया दळतानाही तेच होत असणार. ट्रेनिंगच्या पहिल्या आठवड्यात हे शिकवतात आणि मी स्वतः पुढं कितीतरी पोरांना शिकवलं. मला कळत नव्हतं असं नाही. पण काही होत नाही असं मी एकदा समजून चाललो होतो, आणि चौदा खड्ड्यांपुढं सह्या केल्या होत्या. त्यानंतर माझा माझ्यावरच भरवसा राहिला नाही. मी बादली सोडली आणि गच्चीवर जाऊन उगाच टाकीचं झाकण उघडून पाहत बसलो.

गुरुवारी सकाळी, मुंजाबा कामावर गेल्यावर, कस्तुरानं मला स्वयंपाकघरात बोलावलं. स्टुलावर बसवलं. बोलण्यात राग नव्हता, पण लहान पोराला गणित समजावताना जसं बसवतात तसं बसवलं. तिच्या हातात काकडीएवढी एक नळी होती, वरती दांडा. प्रवासात न्यायची हातगिरणी म्हणाली.

"मामा, याला वायर कुठंय?"

मी नळी उलटीपालटी करून पाहिली. वायर नव्हती.

तिनं बिया मोजल्या, नळीत टाकल्या आणि दांडा फिरवायला लागली. पायात त्या रबरी चपला होत्याच. दळून झाल्यावर तिनं खालचं भांडं फिरवून काढलं आणि तोच खेळ: पूड भांड्याच्या काठाला बाहेरून चिकटलेली, फोलपटं तिच्या बाहीवर. तिनं मुद्दाम स्टीलच्या पिंपाला बोट लावलं. चट. मी स्टुलावरून उठलोच. तिनं खांद्याला धरून मला खाली बसवलं.

मग तिनं पुन्हा सतरा ग्रॅम मोजले. चमच्याचा दांडा माठात बुडवला, वाटीतल्या बियांवर धरला आणि एक थेंब पडू दिला. एकच. त्याच दांड्यानं बिया चांगल्या हलवल्या. ओल्या झाल्यात असं दिसतही नव्हतं. नळीत टाकल्या, दांडा फिरवला, भांडं काढलं आणि माझ्यापुढे धरलं. सगळी पूड तळाशी गुमान बसलेली. काठ स्वच्छ. तिनं भांडं कागदावर उपडं केलं तर पूड एका ढिगात पडली, आत कण राहिला नाही.

"एक थेंब लागतो, मामा," ती म्हणाली. "बादली नाय लागत."

बेंगळुरूला तिच्या ओळखीच्या कॉफीवाल्यानं हे शिकवलं होतं. तिकडं हवा दमट, म्हणून कधी गरज पडली नाही आणि ती विसरून गेली होती. यंत्राची पिन कापल्यावर दोन दिवस विचार करत बसली तेव्हा आठवलं. म्हाळसाबाई दारात उभी राहून बघत होती. मला रडूच यायला लागलं, म्हणून मी नाक शिंकरलं. घर धडधाकट होतं. माझ्या घरात तिला मारणारं काही नव्हतं. सहा दिवसांनी छातीवरचा दगड हलला आणि त्या भरात मी नको तेवढं बोललो. म्हटलं, आता आणखी एक काम कर, त्या चपला काढ. रबरामुळं अंगातली वीज अंगातच अडकते आणि स्टील दिसलं की बोटातून उडी मारते. फरशीवर पाय टेकव, तीही थांबेल. तुझ्या सासूचं स्वयंपाकघरही मोकळं होईल.

कस्तुरानं मान हलवली, नाही म्हणून.

"चपला नको, मामा. दादांनी पायात घातलं असतं तर आज असते. आई तर आजबी म्हणती, लई येंधळा माणूस, दोन पट्टे पायात अडकवायचं जीवावर आलं अन् आम्हाला उघड्यावर टाकून गेला."

हे तिनं हसून सांगितलं. जुन्या दुःखाबद्दल माणसं बोलतात तसं. हे बोलणं मी चौदा वर्षांत शंभर वेळा ऐकलं असेल, आवडाबाईकडून, तिच्या भावांकडून, हिच्याकडून. दर वेळी मान हलवली होती. त्या दिवशीही हलली असती. पण समोर पूड पडली होती, एका थेंबानं शांत झालेली, आणि मला ते सहन झालं नाही. एवढंच तर लागत होतं. थोडं पाणी.

"चपलेनं नाय गेला तो," मी म्हणालो. "खड्डा कोरडा होता. पाणी घालायचं काम माझं होतं. मी घातलं नव्हतं अन् घातलं म्हणून सही केली होती."

म्हाळसाबाईच्या हातात फडकं होतं, ते तसंच राहिलं. माठावरचं झाकण नीट बसलं नव्हतं, मी ते नीट बसवलं. दुसरं काही करायला सुचेना.

कस्तुरा ओट्याला टेकून उभी होती. तिनं विचारलं, किती दिवस घातलं नव्हतं. मी म्हटलं चार. लिहिलं किती दिवसांचं होतं. मी म्हटलं साताचं. ती हिशेब नीट करून घेत असल्यासारखी ऐकत होती.

"साहेब आईला सांगत होते, तवा तुम्ही तिथं होता," ती म्हणाली. "मला आठवतंय. तुम्ही मान हलवली होती."

"व्हय," मी म्हणालो.

तिनं वाकून उजव्या पायातली चप्पल काढली, मग डाव्या. दोन्ही उचलून मागच्या दाराबाहेर ठेवल्या आणि अनवाणी आत आली. दळलेली पूड कागदाच्या पुडीत भरली, पुडीला रबर लावलं. कॉफी केली नाही. मग म्हणाली की कपडे बदला, फुलंब्रीला जायचंय. हे आईला तुम्ही सांगायचं, मी नाही सांगणार. मी म्हटलं, उद्या पाणी येतं, उद्याचा दिवस जाऊ दे, परवा जाऊ. ती माझ्याकडे पाहत राहिली आणि मी सदरा घालायला उठलो.

मुंजाबाला फोन करू का, असं म्हाळसाबाईनं विचारलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. मी सदऱ्याची बटणं लावली, एक चुकलं, सगळी काढून परत लावली. बारा वाजत आले होते. ही वेळ माझी बादलीची. पाय आपोआप मागे वळले. टाकीतून जेमतेम अर्धी बादली निघाली. ती घेऊन मी खड्ड्यापाशी गेलो, नरसाळं सरळ केलं आणि बादली उचलली.

कस्तुरा मागून आली. तिनं बादली माझ्या हातातून घेतली. ओढून नव्हे, नुसती घेतली.

"ही बादली चितेगावची होती, मामा," ती म्हणाली. "इथं कितीबी ओता."

तिनं पाणी नेऊन धुण्याच्या टपात ओतलं. म्हाळसाबाई तिथं खाली बसली आणि कपडे भिजवायला लागली.

हर्सूलच्या नाक्यावर आम्ही गाडीची वाट बघत थांबलो. ऊन रणरणत होतं. मी दोनदा रस्ता ओलांडून सावलीत गेलो आणि दोनदा परत आलो. तिनं जागा सोडली नाही. गाडी आली. ती आधी चढली, खिडकीपाशी बसली आणि शेजारच्या जागेवर तिनं पिशवी ठेवली. मी वरचा दांडा धरून उभा राहिलो. कंडक्टरनं विचारलं, दोघं एकत्र का, तिनं दोन तिकिटं काढली.

मनात एकच वाक्य घोकत होतो. मी पाणी घातलं नव्हतं आणि सही केली होती. त्यात टँकर आला नव्हता हे घालावं का, सगळेच तसं करत हे घालावं का. घालून पाहिलं, काढून पाहिलं. आवडाबाई आधी चहा टाकते, चहाच्या आधी सांगायचं की नंतर, हेही ठरेना. तिच्या अंगणात पोचल्यावर ती नेहमीसारखी पदर सावरून माझ्या पाया पडायला वाकणार, हे आठवलं तेव्हा मला गाडीतून उतरून जावंसं वाटलं. गाडी थांबत नव्हती.

सावंगी मागं पडली तेव्हा कस्तुरानं शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली. बसा म्हणाली नाही. खिडकीबाहेरच बघत होती. मी बसलो.

"आई पाया पडायला वाकली की तिला आधी धरा," ती म्हणाली. "मग सांगा."